माटोळीतल्या जपानी शेंगा

शांतारामला कुठलीही गोष्ट नुसती सांगता येत नसे. ती करून दाखवल्याशिवाय त्याच्या पोटातलं अन्न जिरत नसे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीला खाणीवरनं घरी येऊन त्यानं बायकोच्या ओंजळीत बावीस बिया टाकल्या, तेव्हा सरस्वतीला चुलीवरची आमटी खाली उतरवून त्या बियांची सगळी कहाणी उभ्यानं बघावी लागली.

सुर्ल्याच्या डोंगरातलं लोखंड जहाजात भरून जपानला जायचं आणि ते तपासायला तिथनं वर्षातून एकदा एक सायब यायचा. गोवा वेगळं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, त्या साली कंपनीच्या जीपवर शांताराम होता. आठवडाभर त्यानं सायबाला तांबड्या धुळीतनं इतका फिरवला की परत जाताना सायबाचा पांढरा शर्ट कुणी कावेत बुडवून काढल्यासारखा दिसत होता. सायब खूश झाला. त्यानं बॅगेतनं एक पुडी काढली आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे पुढचं सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. बिया पेरायच्या. शेंगा हिरव्यागार असतानाच तोडायच्या. मिठानं खसाखसा चोळायच्या म्हणजे वरची लव निघून जाते. उकळत्या खारट पाण्यात टाकायच्या, काढायच्या, शेंग ओठात धरायची आणि दाबून आतला दाणा तोंडात ओढायचा. साल खायची नाही. पोरांना फार आवडतात, हे सांगताना सायबानं गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून चार-पाच अदृश्य पोरांची डोकी कुरवाळली. शेवटी त्यानं चार बोटं दाखवली, तीही दोनदा. शांतारामच्या मते शेंगा चार मिनिटं शिजवायच्या होत्या आणि सायबाला आपण काय सांगितलं ते विसरायची सवय होती.

त्या शेंगांचं नाव सायबानं ‘एदामामे’ असं सांगितलं. शांताराम ते दर वेळी नव्यानं सांगायचा.

सरस्वतीची तीन पोरं, नऊ वर्षांचा स्वप्नील, सात वर्षांचा सागर आणि चार वर्षांची रेश्मा. या प्रयोगावर तिघंही अशी लुब्ध झाली की पावसाळाभर दिवेलागणीला त्यांना तोच हवा. पावसात खाण बंद, ट्रक बंद. शांतारामला फक्त खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर राखण होती. त्यामुळे घरात नट आयता आणि प्रेक्षक आयते. तो सायब व्हायचा, स्वप्नील शांताराम व्हायचा आणि रेश्मा जमिनीवर बसून आपलं डोकं कुरवाळून घ्यायची.

सरस्वतीनं त्या बिया गोकुळदासांच्या घरामागच्या चढावर लावल्या. गोकुळदास म्हणजे घरमालक, सुर्ल्यातलं पिढीजात घर. त्यांच्या मागीलदारच्या दोन खोल्यांत हे दोडामार्गाकडचं बिऱ्हाड सहा वर्षं राहत होतं. माणूस दिलदार होता. भाडं मागायला आला तर जाताना केळ्याचा घड ठेवून जायचा. “लाव गो,” त्यांनी सांगितलं, “जपानचें जपानाक समजता, आमचें माती समजता.” या वाक्याचा अर्थ सरस्वतीला आजतागायत लागलेला नाही, पण परवानगी मिळाली एवढं तिला कळलं.

बावीसातल्या तीन कुजल्या, दोन मोरानं टिपल्या, सतरा झाडं राहिली. पोरांनी त्यांना जो पहारा दिला तो खाणीच्या दारूगोळ्यालाही नव्हता. मोर आला की थाळी, वासरू आलं की काठी. शाळेत जाताना स्वप्नील झाडं मोजून जायचा आणि आल्यावर पुन्हा मोजायचा, जणू मधल्या काळात एखादं झाड डिचोलीच्या बाजाराला जाऊन येणार होतं.

अशात श्रावण संपत आला आणि पंपावरनं शांतारामला सुटी मिळणार नाही असं कळलं. म्हणजे चवथीला गावी जाणं नाही. आता दोडामार्गाकडच्या माणसाला दिवाळीला घरी जाऊ नको म्हटलं तर तो दोन शिव्या घालून गप्प बसेल, पण चवथीला जाऊ नको म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणण्यासारखं आहे. आजोबांच्या घरचा गणपती, सतरा चुलतभावंडं, फुगड्या, सगळं बुडालं. पोरं तोंडं पाडून बसली. सरस्वतीनं त्यांना जूनपासून सांगितलं होतं, यंदा नक्की जाऊ. दिलेला शब्द मोडला याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं तिथल्या तिथं दुसरा दिला.

“गावाक जावक गावला नाय तर नाय,” ती म्हणाली. “चवथीक मी तुमका त्या शेंगो पोटभर खावक घालतलंय.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. रेश्मानं विचारलं, पोटभर म्हणजे किती. सरस्वतीनं सांगितलं, नको म्हणशील तोवर.

शेंगाही अशा शहाण्या की चवथीच्या हिशेबानं भरल्या. आदल्या दिवशी पहाटे सरस्वतीनं एक शेंग चिमटीत दाबून बघितली. आत तीन दाणे टच्च. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायच्या असं ठरवून ती निर्धास्त मनानं साखळीच्या बाजाराला गेली. आगरवाड्याचं जाडं मीठ घेतलं, पोरांना फुलबाज्या घेतल्या आणि दुपारी परत आली तर चढ साफ. सतराच्या सतरा झाडं मुळासकट नाहीशी. नुसती भोकं राहिली होती आणि त्या भोकांच्या रांगेपुढे तिची तीन पोरं उभी होती.

शांताराम दारातच भेटला. चेहऱ्यावर पुण्यकर्म केल्याचं तेज होतं.

“गोकुळदासबाब एक झाड मागीत होते,” तो म्हणाला. “देवाच्या माटोळेक एक कित्याक? मी सगळीच दिलंय.”

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, शेतातलं, परसातलं जे जे म्हणून पावसात पिकतं ते सगळं बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, काकडी, चिबूड, निरफणस, रानातली लाल कवंडळं. ती माटोळी. माटोळीला मागितलेलं नाही म्हणायचं नसतं. न मागताच लोक एकमेकांच्या आवारातनं तोडून नेतात आणि ज्याचं नेलं तो मनातल्या मनात खूशच होतो. त्यात गावच्या युवक मंडळानं तीन वर्षांपासून माटोळीची स्पर्धा ठेवलेली. नियम असा की वस्तू माटोळीला असली पाहिजे आणि घरच्यांना तिचं नाव नि उपयोग सांगता आला पाहिजे. जी वस्तू दुसऱ्या कुणाकडे नाही तिला जास्त गुण. बक्षीस पितळेची समई. पहिल्या दोन्ही समया शेजारच्या भिकाजीनं जिंकल्या होत्या आणि गोकुळदासांच्या ओसरीवरनं बरोबर दिसतील अशा ठेवल्या होत्या. तेव्हा संबंध गोव्यात कुणाकडे नसलेली वस्तू घराच्या मागच्या चढावर उगवलेली बघून गोकुळदासांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर त्यात नवल नव्हतं.

शांतारामचं म्हणणं, घाबरण्यासारखं काही नाही. गणपती पाच दिवसांचा आहे. विसर्जन झालं की माटोळीतलं सगळं वाटतात, तेव्हा पोरांना खाऊ घालू. सरस्वतीनं त्याला चार बोटं दाखवली. मग पुन्हा दाखवली. पहिली चार, ती म्हणाली, शिजवायची मिनिटं. दुसरी चार दिवसांची. शेंग भरल्यावर चार दिवस हिरवी राहते, मग पिवळी पडते, दाणा खडा होतो. आणि ही तर मुळासकट उपटलेली, हिला चार नव्हे, दोन दिवस. शेतकऱ्याच्या पोरीला हे कळायला जपानला जावं लागत नाही. शांतारामचं तेज खाडकन उतरलं. सायब विसरभोळा नव्हता हे त्याला तेव्हा कळलं.

पण देवाच्या डोक्यावर चढलेलं खाली कसं उतरवणार? चवथीच्या दिवशी आरतीला सगळी आळी गोकुळदासांकडे जमली. माटोळीच्या मधोमध शेंगांचा तो हिरवा झुबका लटकत होता. आळीतली सगळी पोरं गणपतीकडे बघून टाळ्या वाजवत होती आणि सरस्वतीची तीन पोरं त्याच्या दोन हात वर बघून वाजवत होती. रेश्माची मान दुखायला लागली. तिनं आईला हळूच विचारलं की देव नको कधी म्हणणार. सरस्वतीनं तिची मान चोळून दिली. गोकुळदासांचं काही चुकलं नव्हतं, नवऱ्याचं चुकलं होतं पण त्याचं पडलेलं तोंड बघून त्याला रागवावंसं वाटत नव्हतं, आणि शब्द मात्र तिचा होता, तोही लागोपाठ दुसरा.

दुसरा दिवस पंचमीचा. शेतातनं भाताची नवी कणसं आणून देवापुढे पुजायची, दारावर बांधायची आणि नव्याचे दाणे जेवणात घालून मगच ते पीक घरात आलं म्हणायचं, अशी या भागात रीत आहे. विठ्ठल भट पूजा सांगायला आले. सरस्वती उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. वर बघितलं तर झुबक्यातल्या खालच्या दोन-तीन पानांवर पिवळी झाक दिसली. कणसांवर अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी तिला युक्ती सुचली. डोक्यावरचं छप्पर ज्याचं, त्याच्याच देवघरात भर पूजेत बोलायचं म्हणजे धीर लागतो. तिनं पदर खोचला.

“भटजीनू,” ती म्हणाली, “भाताचो नवो कणस देवाक आणलात. मगे ती वरची शेंग, ह्या पण नवाच पीक मां? देवान बघल्यान, पण खाल्ल्यान खय?”

पूजा थांबली. विठ्ठल भटांनी मान वर करून झुबक्याकडे बघितलं, मग गोकुळदासांकडे, मग घड्याळाकडे. स्पर्धेचे तपासनीस चार वाजता येणार हे आळीला पाठ होतं. भटांनी दाढी खाजवली. शास्त्रात जपानचा उल्लेख नाही, ते म्हणाले, पण नव्या पिकाचा आहे. या मातीत पहिल्यांदा पिकलेलं देवाला न चाखवता नुसतं टांगून ठेवणं म्हणजे पाहुण्याला पानाजवळ बसवून वाढायचं विसरणं. गोकुळदासांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका बाजूला देव, एका बाजूला भिकाजीच्या समया.

“अर्दें,” ते शेवटी म्हणाले. “अर्द्यापरस एक शेंग चड ना.”

निम्म्याच्या वर एकही जाऊ नये म्हणून ते स्वतः स्टुलावर चढले आणि एकेक शेंग अशी तोडू लागले की जणू स्वतःची मिशी उपटताहेत. खाली तीन पोरांनी परात धरली होती.

स्वयंपाकघरात वेगळीच लढाई. चवथीचा नैवेद्य घरच्या बाईनंच शिजवायचा, म्हणून चुलीपुढे गोकुळदासांची बायको भाग्यलक्ष्मी आणि उंबऱ्याबाहेर सरस्वती. हात हिचे, अक्कल तिची. मिठानं चोळा म्हटलं तर भाग्यलक्ष्मीबाईंनी चिमूटभर घेतलं. सरस्वतीनं ओंजळ सांगितली. देवाला लोणचं घालायचंय की नैवेद्य दाखवायचाय, असं बाईंनी विचारलं. चोळता चोळता मात्र शेंगांवरची लव निघून त्या अशा चकचकीत झाल्या की बाई स्वतःच दोन पावलं मागे सरून बघू लागल्या. पाणी उकळलं, शेंगा आत गेल्या. चार मिनिटं मोजायला घड्याळ घेऊन स्वप्नील, आणि स्वप्नील बरोबर मोजतो की नाही ते बघायला सागर. मग बाईंनी सवयीनं खवणी पुढे ओढली.

“नारळ नको,” सरस्वती म्हणाली.

“नाल्लाबगर रांदप?” भाग्यलक्ष्मीबाईंनी खवणी सोडली नाही. त्या घरात नारळाशिवाय फक्त पाणी उकळायचं. फोडणी नाही, गूळ नाही, साधी कोथिंबीरसुद्धा नाही, हे ऐकत असताना त्यांची नजर एखाद्या उपाशी घराची हकीकत ऐकावी तशी होत गेली. शेवटी गणपतीला मेलं काय वाटेल, असं पुटपुटत त्यांनी शेंगा निथळून केळीच्या पानावर ओतल्या. हिरवा रंग असा उजळला होता की पानापेक्षा शेंगा ताज्या दिसत होत्या.

पण घोडं पुन्हा अडलं. नैवेद्य सालीसकट दाखवायचा की सोलून? सालीसकट दाखवला तर देवाला सोलायचं काम. सोलून दाखवला तर मग ओठानं ओढायची मजा कुठली? यावर आळीत दोन तट पडले. शांतारामनं तर मधे उभं राहून ओढायचं कसं ते दाखवायला सुरुवात केली. विठ्ठल भटांनी हात वर केला. ज्याला एवढी लांब सोंड आहे, ते म्हणाले, त्याला शेंग सोलून देणारे आपण कोण? तेव्हा सालीसकट.

घंटा वाजली, पाणी फिरलं, आणि पान पोरांपुढे आलं. सरस्वतीनं तिघांना पहिल्या मुठी दिल्या. पावसाळाभर ज्याची तालीम केली ते आता खरं करायचं म्हटल्यावर स्वप्नीलला शेंगेचं कुठलं टोक तोंडात घालायचं तेच आठवेना. सागरनं जोरात दाबली आणि दाणा सुटून थेट विठ्ठल भटांच्या शेंडीत गेला. मग काय विचारता. आळीतली वीस-पंचवीस पोरं पानावर तुटून पडली. दाणे तोंडात जात होते, नाकावर आदळत होते, एक तर समईत पडून तडतडला. जिभेला आधी मीठ, मग दाण्याचा गोडवा, आणि लगेच दुसरी शेंग. भटांनी शेंडीतला दाणा काढून, इकडे-तिकडे बघून, खाल्ला. मग त्यांनी हक्कानं एक शेंग मागितली.

गोकुळदास लांब खांबाला टेकून उरलेल्या झुबक्याची राखण करत होते. भाग्यलक्ष्मीबाईंनी चार शेंगा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी पहिली खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना त्यांनी डोळे मिटले. चौथी संपल्यावर त्यांनी पोरांकडे बघितलं. पान रिकामं झालं होतं आणि सागर साली पुन्हा चोखून बघत होता. गोकुळदास पुन्हा स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी झुबका ओरबाडायला लागले. शांताराम ओरडला, बाब, समई. समई गेली खड्ड्यात, असं ते म्हणाले, आणि भर पंचमीला देवासमोर म्हणाले. देवानं चाखलं म्हणजे बाकी प्रसाद. बायकोला त्यांनी सांगितलं, पाणी ठेव, आणि मीठ हात आखडून घालू नकोस.

दुसरी खेप पहिल्यापेक्षा मोठी झाली. सरस्वती वाढत गेली, वाढत गेली, आणि स्वप्नील नको म्हणाला. मग सागर नको म्हणाला. हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडून ऐकून कुणा आईला इतका आनंद झाला नसेल.

बरोबर चार वाजता तपासनीस आले. सगुण मास्तर, निवृत्त शिक्षक, काखेत वही. त्यांनी माटोळी नीट बघितली, नावं टिपली आणि मधोमध लोंबणाऱ्या सतरा बोडक्या देठांपाशी थांबले. हे काय म्हणून विचारलं. गोकुळदासांनी छातीवर हात ठेवून सगळं खरं सांगितलं. मास्तरांचे डोळे लकाकले. सबंध गोव्यात नसलेली शेंग, ते म्हणाले, ती एक जरी दाखवता आली तरी यंदाची समई या घरची. पण नियम म्हणजे नियम, वस्तू दिसली पाहिजे.

मग धावपळ. पातेलं, परात, सालींची टोपली, चुलीमागची जागा, सगळं शोधलं. एक शेंग नाही. तेवढ्यात सागरनं घरभेदीपणा केला. रेश्माकडे एक आहे, तो म्हणाला.

रेश्मा खांबाआड बसली होती. तिची जेवायची रीतच अशी की सगळ्यात चांगलं ते शेवटाला. तीन दाण्यांची, सगळ्यात टपोरी शेंग तिनं मुठीत धरून ठेवली होती. ती अजून नको म्हणाली नव्हती. गोकुळदास, सुर्ल्यातल्या पिढीजात घराचे यजमान, तिच्यापुढे उकिडवे बसले. ती शेंग म्हाका दी गो बाय, असं मऊ आवाजात म्हणाले. एक लाडू देऊ केला. मग दोन. मग मोदक. मग फटाक्यांची सबंध पेटी. रेश्मा मान हलवत राहिली. शांताराम मागनं डोळे वटारत होता. शेवटी गोकुळदासांनी सरस्वतीकडे बघितलं.

एका शब्दाचं काम होतं. पोरीनं आईचं ऐकलं असतं. आणि या माणसानं पोरांसाठी आपल्या हातानं माटोळी ओरबाडली होती, सरस्वतीला त्याची खरीच दया आली. ती पोरीशेजारी जाऊन उभी राहिली.

“बाब, ती शेंग तिची,” ती म्हणाली. “मी तिका दिलंय. आता माज्यान परत मागूक होवचा नाय.”

रेश्मानं मास्तरांकडे बघितलं, गोकुळदासांकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. मग शेंग ओठांत धरली आणि ओढली. एक. सावकाश चावला. दोन. तोही चावला. तिसऱ्याला जरा जोर लावावा लागला. मग पोटावरनं हात फिरवत ती म्हणाली, “आता नको,” आणि ओली साल गोकुळदासांच्या तळहातावर ठेवली.

गोकुळदास त्या सालीकडे बघत राहिले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग ते असे हसत सुटले की भाग्यलक्ष्मीबाई पाणी घेऊन धावल्या. हसत हसतच ते तिसऱ्यांदा स्टुलावर चढले आणि ती साल एका बोडक्या देठाला दोऱ्यानं बांधली.

“आतां ती माटोळेक आसा,” ते वरनं म्हणाले. “नांव एदामामे. उपयोग तुवें आतांच पळयलो. बरय, मास्तर.”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ‘नुसती साल’ असं प्रामाणिकपणे लिहून घेतलं. समई अर्थात तिसऱ्यांदा भिकाजीकडे गेली. सरस्वती मात्र हसून हसून पायरीवरच बसली होती आणि तिन्ही पोरं तिच्या अंगावर लोळत होती. आपण स्वतः एकही शेंग चाखली नाही, हे तिच्या ध्यानात आलं ते विसर्जन होऊन गेल्यावर.